मुळेच्या कांठचा वनस्पतिपाठ

'वस्तुपाठ' हा शब्द आजकाल आपण ज्या अर्थानें वापरतों, तो त्याचा मूळचा अर्थ नव्हे. अमक्याचें चरित्र म्हणजे त्यागाचा वस्तुपाठ होय, असें आपण सभेंत बोलतों व टाळ्या घेतों. परंतु हा शब्द शाळेंत रुळला तेव्हां त्याचा अर्थ अगदीं साधा होता. वस्तु मुलाच्या हातांत द्यावी, त्यानें ती पाहावी, हुंगावी, उलगडावी, आणि मग पाठ सुरू व्हावा. वस्तु आधीं, पाठ मागाहून. पुढें वस्तु गळाली आणि पाठ तेवढा उरला. एका शब्दाच्या अर्थांत झालेला हा पालट आमच्या शिक्षणाविषयीं पुष्कळ कांहीं सांगून जातो. आणि ज्या शास्त्रांतील वस्तु दाराशींच उगवलेली असते, त्या वनस्पतिशास्त्राच्या बाबतींत तर तो विशेषच चमत्कारिक आहे.

मुळा नदी पुणें जिल्ह्यांत मुळशी तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत उगम पावते. पुण्याच्या उत्तरेस दापोडीपाशीं तिला पवना मिळते, आणि थोड्याच अंतरावर मुठेशीं तिचा संगम होतो. या लहानशा नदीच्या आसऱ्यानें गेल्या दोनशें वर्षांत आपल्या प्रांतांतील वनस्पतिविद्येचा बराचसा इतिहास घडला आहे. तिच्या खालच्या अंगास सरकारी बागा झाल्या. वरच्या अंगास भातखाचरें आणि देवराया होत्या. बागेंत विद्या होती, पण तेथें मूल नव्हतें. खाचरांत मूल होतें, पण त्याला जें ठाऊक होतें त्यास कोणी विद्या म्हटलें नाहीं. या दोहोंची गांठ कोठें पडली, आणि कोठें पडतां पडतां राहिली, हें पाहण्याचा या लेखांत विचार आहे.

दापोडीचा बंगला मूळचा कॅप्टन फोर्ड याचा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं जें कवायती पायदळ होतें त्याचा हा इंग्रज अधिकारी; इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई जुंपली तेव्हां तो आपली पलटण घेऊन दापोडीहून निघाला आणि इंग्रजांस जाऊन मिळाला. पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांनीं, म्हणजे १८२८ सालीं, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं हें ठिकाण सरकारसाठीं घेतलें व तेथें वनस्पतिबाग घातली. बागेचा हेतु उघडपणें उपयोगाचा होता. बाहेरचीं झाडें व पिकें इकडच्या हवेंत तगतात कीं नाहीं हें पाहावें, तगलीं तर त्यांचीं रोपें व बियाणें इतरत्र पाठवावीं, आणि विलायतेहून येणाऱ्या महाग औषधांचा खर्च वांचवावा, असें हें धोरण होतें. १८३८ पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे या बागेचे अधीक्षक झाले. जुन्नरनजीक हिवरें येथें त्यांनीं औषधी वनस्पतींची लागवड वाढविली व तेथील माल सरकारी दवाखान्यांस पुरविला. डोंगरांवरील झाडें तुटलीं म्हणजे खालचे झरे आटतात, हें गाऱ्हाणें सरकारच्या कानीं घालणाऱ्यांपैकीं ते एक होते. १८४७ सालीं मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याची सूत्रें त्यांच्याच हातीं आलीं.

याच सुमारास, १८४७ ते १८५० या काळांत, दापोडीच्या बागेंतील झाडांचीं दीडशेंहून अधिक रंगीत चित्रें काढण्यांत आलीं. तीं आज स्कॉटलंडांत एडिंबरो येथील वनस्पतिबागेच्या संग्रहीं आहेत, आणि हेन्री नॉल्टी या अभ्यासकानें २००२ सालीं त्यांवर एक सुंदर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकार एक पोर्तुगीज-हिंदी मनुष्य होता, इतकीच त्याची ओळख उरली आहे. पाकळीवरील शीर न् शीर ज्याच्या नजरेनें टिपली, त्याचें नांव टिपून ठेवण्याची आठवण मात्र कोणास झाली नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण या इतिहासांत ती पुन्हां भेटणार आहे. १८६५ सालीं दापोडीची बाग मोडली. तोंवर गिब्सन आणि त्यांचे सहकारी डाल्झेल यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १८६१ सालींच छापून काढला होता.

दापोडीची जागा गणेशखिंडीनें घेतली. गव्हर्नरसाहेबांचा नवा वाडा तेथें उठला, आणि त्याच्या शेजारीं १८७३ सालीं नवी वनस्पतिबाग सुरू झाली. तिचे अधीक्षक जी. एम. वुड्रो हे हाडाचे बागवान. हिंदुस्थानांतील बागकामावर त्यांनीं लिहिलेलें पुस्तक पुष्कळ वर्षें लोकांच्या हातीं होतें. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें ते वनस्पतिशास्त्र शिकवीत, व त्या कॉलेजचे मुख्य डॉ. थिओडोर कूक यांनीं पुढें मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केला, तो आजही अभ्यासकांस चुकवितां येत नाहीं. या ग्रंथाचीं पानें उलटलीं म्हणजे प्रत्येक वनस्पतीच्या वर्णनाखालीं ती कोठें सांपडली व कोणीं आणली याची नोंद दिसते. साहेबलोकांच्या नांवांबरोबर तेथें कानिटकर, भिडे, भिवा अशींही नांवें येतात. नांवापुढें उद्गारचिन्ह असलें म्हणजे ग्रंथकारानें तो नमुना स्वतः पाहिला, असा या शास्त्रांतला संकेत आहे. पैकीं भिडे यांचें नांव पुढें गवताच्या एका प्रजातीस मिळालें. तिला शास्त्रांत 'भिडिया' म्हणतात. भिवा मात्र नुसताच भिवा राहिला. तरी दापोडीच्या चित्रकारापेक्षां त्याचें नशीब थोर म्हणावयाचें. त्याचें नांव निदान छापलें गेलें. डोंगर चढून, कांटे सोसून, कोणतें झाड कोणत्या महिन्यांत फुलतें हें ध्यानीं ठेवून ज्यांनीं नमुने आणले, त्यांच्या हातांवांचून हे ग्रंथ झाले नसते, एवढी कबुली त्या उद्गारचिन्हांत आहे.

ज्या १८७३ सालीं गणेशखिंडीची बाग सुरू झाली, त्याच सालीं त्याच पुण्यांत ज्योतिराव फुले यांनीं सत्यशोधक समाज स्थापन केला. ज्योतिराव जातीचे माळी. फुलांच्या व्यवसायावरून त्यांचें घराणें फुले झालें. लहानपणीं शाळा सुटल्यावर ते बागेंत राबले होते, आणि पुढें हितचिंतकांच्या आग्रहानें पुन्हां शाळेंत गेले होते. म्हणजे मातीचा हात आणि लेखणीचा हात हे दोन्ही त्यांस स्वतःचे म्हणून ठाऊक होते. १८८२ सालीं शिक्षणाची चौकशी करण्यास हंटर कमिशन आलें, तेव्हां ज्योतिरावांनीं त्यापुढें जें निवेदन केलें त्यांतील एक कलम आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचें आहे. गांवच्या शाळांत वाचन, लेखन, हिशेब यांबरोबर शेतकीचें प्राथमिक ज्ञान असावें. खेड्यांतील अभ्यासक्रम थोडा असला तरी चालेल, पण तो व्यवहारास कमी उपयोगी नसावा. आणि शेतकीच्या पाठांसाठीं मुलांस प्रत्यक्ष शिकवितां येईल असें एक लहानसें नमुन्याचें शेत शाळेस जोडावें, असें त्यांचें सांगणें होतें.

या मागणीचें मर्म नीट पाहिलें पाहिजे. माळ्याच्या व कुणब्याच्या मुलास शेती येत नव्हती म्हणून ज्योतिरावांनीं शेत मागितलें, असें नाहीं. त्याला घरीं जें येतें त्याचें कारण शाळेंत कळावें, आणि शाळेंत जें कळतें तें त्याच्या हाताला पारखतां यावें, हा त्यांतला आशय आहे, असें आम्ही समजतों. घरचें ज्ञान आणि पुस्तकाचें ज्ञान यांची गांठ घालणारें एक आवार त्यांस हवें होतें. अशी बाग गणेशखिंडींत होतीच. पण ती गव्हर्नरसाहेबांच्या शेजारची आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांची.

ज्योतिरावांची सूचना सार्वत्रिक झाली नाहीं. अनुदान घेणाऱ्या शाळांस त्या काळीं परीक्षेच्या निकालाप्रमाणें पैसा मिळे. किती मुलांस वाचतां आलें, किती मुलांचा हिशेब बरोबर आला, हें इन्स्पेक्टर मोजी. अंकुर मोजण्याचें माप त्याच्यापाशीं नव्हतें. जें मोजलें जात नाहीं तें शिकविलें जात नाहीं, हा नियम शिक्षणांत तेव्हांपासून चालत आला आहे, आणि त्याचें राज्य अजून संपलें आहे असें म्हणवत नाहीं.

विलायतेंत तरी सर्व आलबेल होतें असें कोणी समजूं नये; परंतु कांहीं थोर माणसांनीं तेथें ही गोष्ट करून दाखविली होती. डार्विनचे गुरु प्रोफेसर हेन्स्लो हे केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकवीत व हिचम या खेड्यांत धर्मोपदेशकाचें काम पाहत. त्या खेड्यांतील शेतमजुरांच्या मुलांना त्यांनीं १८५० नंतरच्या वर्षांत फुलें उलगडून शास्त्र शिकविलें. जर्मनींत फ्रोबेल यांनीं १८४० सालीं आपल्या शाळेस 'मुलांची बाग' हें नांव दिलें, तें केवळ अलंकार म्हणून नव्हे. तेथें प्रत्येक मुलास स्वतःचा लहानसा वाफा असे. आपण बालवर्गास हौसेनें किंडरगार्टन म्हणतों, आणि तेथें बहुधा सिमेंटचें अंगण असतें! अमेरिकेंत ब्रुकलिनच्या वनस्पतिबागेनें १९१४ सालीं खास मुलांसाठीं बाग राखून ठेवली व ती आजतागायत चालविली. मुंबई विद्यापीठांत १९१९ सालीं समाजशास्त्राचे प्राध्यापक होऊन आलेले पॅट्रिक गेडिस हे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञच. शहराच्या सुधारणेचा विचार करतांना शाळेच्या बागेची आठवण त्यांस होत असे, याचें मूळ त्यांच्या या विद्येंत आहे.

आतां पुन्हां गणेशखिंडीकडे वळूं. या बागेस पुढें फळझाडांच्या प्रयोगक्षेत्राचें रूप आलें, आणि तेथें झालेल्या एका कामाचें फळ वाचकांपैकीं बहुतेकांनीं चाखलें असेल. पेरूचें प्रत्येक रोप आईबापासारखेंच निपजेल असा नेम नाहीं. बियांपासून शंभर रोपें केलीं तर कांहींचीं फळें बेताचीं, कांहींचीं चांगलीं, आणि एखाद्याचीं अलौकिक निघतात. डॉ. चीमा यांनीं १९२७ सालीं गणेशखिंडींत अशा रोपांतून एक झाड निवडलें. तेंच पुढें 'लखनौ-४९' किंवा 'सरदार' या नांवानें देशभर पसरलें. तें झाड जसेंच्या तसें पुढें न्यावयाचें तर बीं उपयोगाचें नाहीं, कलमच केलें पाहिजे. या एका पेरूंत वंशभेद, निवड आणि कलम असे वनस्पतिशास्त्राचे तीन धडे आहेत. दहा वर्षांच्या मुलाला ते पुस्तकांतून समजाविण्यास तीन महिने लागतील व तरी ते समजतीलच असें नाहीं. पण त्याच्या हातानें एक फांदी सोलावी, दोन्ही सालींखालचे ओलसर हिरवट थर एकमेकांस भिडवावे, वर घट्ट बांधावें, आणि कांहीं आठवड्यांनीं तो जोड एकजीव झालेला त्यानें पाहावा. नव्या पेशी त्या पातळ थरांतच जन्मतात, हें मग त्याला वेगळें सांगावें लागत नाहीं.

ज्या १९२७ सालीं नदीच्या खालच्या अंगास हा पेरू निवडला गेला, त्याच सालीं वरच्या अंगास दुसरी एक गोष्ट पुरी झाली. मुळशीच्या धरणाचें पाणी सह्याद्रीच्या पलीकडे उतरून कोंकणांत भिरा येथें वीज निघूं लागली. या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीस सुरू झालेला सत्याग्रह, सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे यांनीं त्यांत सोसलेला तुरुंगवास, आणि 'जान किंवा जमीन' ही मावळ्यांची आरोळी या गोष्टी महाराष्ट्रास परिचित आहेत. त्यांचा न्याय-अन्याय येथें पुन्हां मांडण्याचें कारण नाहीं. आमच्या विषयापुरतें एवढेंच सांगावयाचें कीं, जीं सुमारें पन्नास गांवें या धरणाच्या तडाख्यांत सांपडलीं, त्यांचीं भातखाचरें हीं पिढ्यान्‌पिढ्यांच्या वनस्पतिज्ञानाचीं पुस्तकेंच होतीं. तीं पाण्याखालीं गेलीं तेव्हां जमिनीची किंमत आकारण्यांत आली. त्या ज्ञानाची आकारणी करण्याचा प्रश्न कोणाच्या मनांतही आला नाहीं.

हें ज्ञान कसलें, असें कोणी विचारील तर मुळशीच्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलास विचारावें. पावसापूर्वीं पालापाचोळा व शेण पसरून तो राब भाजतो. कां भाजतो? वाडवडील भाजीत आले म्हणून, असें तो म्हणेल. शास्त्र सांगतें कीं, उष्णतेनें तणाचें बीं मरतें आणि राखेंतून रोपास पोषक क्षार मिळतात. आंबेमोहराचें रोप तो गुडघाभर चिखलांत लावतो. ज्वारीचें रोप तसें लावलें तर कुजून जाईल. भाताचें कां कुजत नाहीं? त्याचा दांडा आडवा कापून भिंगाखालीं धरावा, म्हणजे आंतल्या बारीक पोकळ्या दिसतात. त्यांतून वरची हवा मुळांपर्यंत पोहोंचते. शहरांतल्या मुलानें ही आकृति वहींत काढलेली असते, पण भात चिखलांत उभा असलेला त्यानें पाहिलेला नसतो. मुळशीच्या मुलानें रोप हजार वेळां हाताळलेलें असतें, पण ती पोकळी त्याला कोणी दाखविलेली नसते. दोघेही अर्धेच शिकलेले! आणि परीक्षेंत मात्र एकाचें अर्धें ज्ञान गुण मिळवितें, दुसऱ्याच्या अर्ध्यास शून्य मिळतें. आमच्या मतें या विषयांतला खरा अन्याय हा आहे.

देवराईची गोष्टही अशीच. देवाच्या नांवानें राखलेलीं हीं रानें मुळशी-मावळच्या डोंगरांत ठिकठिकाणीं आहेत. हिरडा, जांभूळ, अंजनी, भेरली माड अशीं झाडें तेथें कुऱ्हाडीवांचून वाढलीं. पुण्यांत १९४६ सालीं प्रोफेसर शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकारानें 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी' ही संशोधनसंस्था स्थापन झाली. तीच आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. त्या संस्थेंतले डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनीं सह्याद्रीच्या देवराया पायीं फिरून अभ्यासिल्या व १९७६ सालीं त्यांवरील निबंध प्रसिद्ध केला. ज्याला लोक अडाण्यांची भीति म्हणत होते, त्यानें दुर्मिळ झाडांचा सांठा शाबूत राखला होता, हें त्यांनीं दाखविलें. भिवाच्या नांवापुढील उद्गारचिन्हाचा अर्थ सुमारें पाऊणशें वर्षांनीं एका निबंधांत उलगडला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

स्वातंत्र्याच्या आगेमागे हातानें शिकविण्याचे चांगले प्रयत्न आपल्याकडे झाले नाहींत असें नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील बालकांसाठीं काम आरंभिलें, आणि पुढें अनुताई वाघ यांसह तें कोसबाडच्या टेकडीवर नेऊन वारली मुलांच्या अंगणांत, कुरणांत शाळा भरविली. पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं विज्ञान आश्रम काढून, काम करतां करतां शास्त्र शिकावें ही गोष्ट खेड्यांतील मुलांकडून करून दाखविली. मुंबईस १८६२ सालीं उघडलेल्या राणीच्या बागेंत आतां वृक्षांची ओळख करून घेण्यास मुलें जातात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्यें जानेवारीच्या फुलांच्या प्रदर्शनास व मुलांच्या चित्रकलास्पर्धेस झुंबड उडते. गणेशखिंडीच्या बागेस २०२० सालीं जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. हें सर्व आनंदाचें आहे. परंतु फूल पाहणें निराळें आणि फूल उलगडणें निराळें. चित्र काढणाऱ्या मुलास ज्या झाडाखालीं बसविलें, त्या झाडाचें एक बीं त्याच्या हातानें मातींत गेलें, तरच ती बाग त्याची झाली.

यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. वेळ नाहीं, कपडे मळतात, विंचूकांट्याची भीति, शिक्षकास झाडें ओळखतां येत नाहींत. पहिल्या तिन्हींचें उत्तर प्रत्येक आईबापांनीं आपल्या लहानपणास विचारावें. चौथा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर बागेंतच उभें आहे. तो म्हणजे बागेचा माळी. डोळा कसा भरावा, गुटी कशी बांधावी, कोणतें रोप तहानलें आहे आणि कोणतें अति पाण्यानें पिवळें पडलें आहे, हें त्याला दिसतें. शिक्षकानें कारण सांगावें, माळ्यानें कृति दाखवावी, आणि दोघांनाही मुलांनीं 'गुरुजी' म्हणावें. अशी एक जोडी लाभली कीं, मोठ्या इमारती व किंमती उपकरणें नसलीं तरी चालतें. दहा वाफे, एक भिंग, ओला टिपकागद, थोडें चवळीचें बीं आणि तारीखवार नोंद ठेवावयाची एक वही, एवढें भांडवल पुरे. चवळी उलटी ठेवली तरी मूळ खालींच कां वळतें, या एका प्रश्नावर डार्विननें आपल्या उतारवयांत पुत्रासह प्रयोग केले आहेत. मग आमच्या मुलांनीं त्यावर आठवडाभर घालविला तर वेळ वायां गेला असें कोणीं म्हणावें?

मुळशी तालुका आज पूर्वींचा राहिलेला नाहीं. हिंजवडीस संगणकाच्या कचेऱ्या उठल्या, डोंगरउतारावर बंगले चढले, आणि भात लावणाऱ्यांचे मुलगे इतर उद्योगांस लागले. त्यांस मागें ओढावें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या कुटुंबांत राब भाजण्याचें कारण कोणी सांगितलें नाहीं, त्या कुटुंबांत आतां राब भाजणेंही उरणार नाहीं. आणि एकदां हातांतून गेलेलें ज्ञान पुस्तकांतून परत हातांत येत नाहीं. सात-आठ वर्षांनीं एकदां फुलणारी कारवी शाळेच्या दहा वर्षांत एकदां, फार तर दोनदां दिसावयाची. त्या वर्षीं मूल वर्गांत बसून राहिलें, तर त्याची परीक्षा पुढच्या वर्षीं पुन्हां होईल. कारवीची होणार नाहीं.

म्हणून आमची सूचना लहानशीच आहे. पुण्याच्या सार्वजनिक बागांतून मुलांसाठीं कायमचे वाफे असावेत, आणि वर्षांतून एकदां, आषाढांत, शहरच्या मुलांनीं मुळशीच्या खाचरांत भात लावावयास जावें. तेथें गांवच्या मुलांनीं त्यांना रोप कसें धरावयाचें तें दाखवावें. पुढें शहरच्या बागेंत त्याच रोपाचा दांडा कापून दोघांनीं मिळून भिंगाखालीं पाहावा. ज्योतिरावांनीं मागितलेलें लहानसें शेत दीडशें वर्षांनीं तरी त्यांच्याच पुण्याच्या मुलांस मिळालें, तर तें उशिरां झालें असें आम्ही म्हणणार नाहीं.